ठाण्याचा पिनकोड आणि दोन वर्गांची बेरीज

ठाण्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड 400601, नौपाड्याचा 400602 आणि रुळांपलीकडच्या कोपरीचा 400603. देशात 1972 मध्ये पिनकोड सुरू झाले ते पत्रांची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. त्या आकड्यांचे गणित कोणी करावे, असा हेतू त्यामागे अर्थातच नव्हता. तरीही 400601 कडे निव्वळ पूर्ण संख्या म्हणून पाहिले, तर ती मूळ संख्या निघते, म्हणजे 1 आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला निःशेष भाग जात नाही. शेजाऱ्यांची मात्र फोड होते: 400602 म्हणजे 2 × 3 × 179 × 373, तर 400603 म्हणजे 7 × 151 × 379. चार लाखांच्या आसपास सरासरी तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते, तेव्हा ठाणेकरांनी फार मिरवू नये.

हे ताडून पाहायचे कसे? शाळेतल्या कसोट्या लवकर संपतात. एककस्थानी 1 असल्याने 2 आणि 5 बाद होतात, अंकांची बेरीज 11 असल्याने 3 बाद होतो. पुढे भागाकारच करावे लागतात, पण त्यांना मर्यादा आहे: संख्येचे दोन अवयव पडत असतील, तर लहान अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. येथे वर्गमूळ 633 हून किंचित कमी असल्यामुळे 631 पर्यंतच्या 115 मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास दुपार सहज जाते, आणि 373 ने भागल्यावर बाकी 372 उरली की एकाने हुकल्याची चुटपुट लागते.

मला अधिक देखणी वाटते ती गणितज्ञ ऑयलरची वाट. 4 ने भागल्यावर बाकी 1 उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते, हे फर्माने सतराव्या शतकात सांगितले आणि ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केले. उलट बाजूही खरी आहे: 1 हून मोठी एखादी विषम संख्या, शून्याचा वर्ग धरूनही, अशी एकाच प्रकारे मांडता येत असेल आणि ज्यांचे वर्ग केले त्या दोन संख्यांना सामाईक अवयव नसेल, तर ती मूळ असते. 65 ही 1 + 64 आणि 16 + 49 अशी दोनदा मांडता येते, आणि ती 5 × 13 आहेच. आता 400601 पाहा: 355 चा वर्ग 126025, 524 चा वर्ग 274576, आणि दोहोंची बेरीज नेमकी 400601. बाकी सर्व शक्यता तपासल्या तरी दुसरी जोडी सापडत नाही.

कोपरीच्या 400603 ला ही कसोटी लावताच येत नाही. कोणत्याही वर्गाला 4 ने भागले की बाकी 0 किंवा 1 उरते, त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेत बाकी 3 कधीच येत नाही, आणि 400603 ला 4 ने भागले की नेमकी तीच उरते.