घोड्याने दाणा जास्त खाल्ला? लंगडायची वाट पाहू नका

"रात्री कोठीत तोंड घातलं होतं, पण चालतोय नीट. लंगडला तर कळवतो." असे फोन आम्हाला वारंवार येतात. लॅमिनायटिसमध्ये, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांच्या दाहात, हातातला वेळ जातो तो याच थांबण्यात.

खुरातलं हाड बाहेरच्या कवचाला साडेपाचशे-सहाशे उभ्या पापुद्र्यांनी धरलेलं असतं. जास्तीच्या दाण्यातला न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो, आतड्याचं अस्तर दुखावतं आणि विषारी घटक रक्तात उतरतात. घोडीची वार अडकली किंवा जोराची हगवण लागली, तरी हाच धोका. मग पापुद्र्यांमधल्या बारीक रक्तवाहिन्यांना पांढऱ्या पेशी चिकटतात, वाहिनीबाहेर पडतात आणि दाह भडकतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा आकसतात, वाहिन्यांतून पाणी झिरपतं. कवच टणक, त्यामुळे सुजेला जागाच नाही. हे सुरू होतं तेव्हा घोडा अजून व्यवस्थित चालत असतो. पाय दुखतोय हे दिसायला बऱ्याचदा एक-दोन दिवस जातात, आणि तोवर पापुद्रे सुटायला लागलेले असतात.

म्हणून चालीआधी नाडी बघा. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, आतून आणि बाहेरून, दोन बोटं हलकी टेकवा. विसावलेल्या निरोगी घोड्यात ठोका शोधावा लागतो. तो बोटाखाली जोरात उडत असेल तर लगेच फोन करा. नुसत्या गरम खुरावर जाऊ नका, उन्हातही खूर तापतो. एरवीची नाडी हाताला माहीत असेल तरच बदल कळतो, तेव्हा रोज बघा.

अशा वेळी आम्ही पाय बर्फात ठेवायला सांगतो, तेव्हा "लंगडत नाही, मग पाय बर्फात कशाला?" असं आम्हाला विचारतात. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या व्हॅन एप्स आणि पॉलिट यांनी २००४ साली लॅमिनायटिस घडवलेल्या घोड्यांचा एकच पुढचा पाय ४८ तास बर्फात ठेवला. त्याच घोड्यांच्या बाकीच्या पायांपेक्षा त्या पायातली इजा बरीच कमी निघाली. गारव्याने दाह दबतो, पण तो सलग हवा. अधूनमधून पाइपने पाणी मारून भागत नाही. पहिल्याच दिवशी एक्स-रे काढतो तोही उगीच नाही. तो बहुधा स्वच्छ येतो, पण पुढे हाड सरकलं का हे त्याच्याशीच ताडून कळतं.

'रक्त फिरावं' म्हणून घोड्याला फिरवू नका, प्रत्येक पावलाला पापुद्रे ताणले जातात. वेदनाशामक मनाने देऊ नका. दिलंच असेल तर कोणतं, किती, कधी ते सांगा.

लठ्ठ घोड्यांत आणि पोनींमध्ये रक्तातलं वाढलेलं इन्सुलिन हे वेगळं कारण असतं. तिथे मुख्य उपाय खुराक बदलणं हा, आणि त्यासाठी रक्ततपासणी लागते. तीही आम्ही करतो.

बर्फाचे बूट आमच्याकडे भाड्याने मिळतात. नालबंदीच्या भेटीत तुमच्या मोतद्दाराला नाडी बघायला शिकवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. फोन करताना घोड्याने काय खाल्लं, अंदाजे किती आणि केव्हा, एवढं हाताशी ठेवा.