तारखेतून वर्ष, महिना, दिवस वेगळा काढणं (स्प्रेडशीट)

एका सेलमधल्या तारखेतून वर्ष, महिना, दिवस, वार, आठवडा किंवा तिमाही फॉर्म्युल्याने बाजूला काढायची पद्धत. ईयर, मंथ आणि डे (इथे फॉर्म्युले मराठी अक्षरांत दिलेत, टाइप करताना YEAR, MONTH, DAY, A2 असे इंग्रजीत) ही त्यातली मूळ तीन फंक्शन्स, एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क तिन्हीकडे इंग्रजी मेन्यूत याच नावाने सापडतात, कंसात सेलचा पत्ता दिला की झालं. खरी गंमत आतमध्ये आहे. सेलमध्ये साठवलेला असतो तो एक नंबर, ठरावीक दिवसापासून मोजलेले दिवस, आणि १४/०३/२०२४ हा त्यावर चढवलेला फॉरमॅट. या तारखेचा नंबर ४५३६५. दशांशचिन्हाच्या पुढे असते ती वेळ, दुपारचे बारा म्हणजे ०.५, त्यामुळे =इंट(ए२) ने नुसती तारीख उरते आणि =मॉड(ए२,१) ने नुसती वेळ.

मोजणी कुठून सुरू होते यावर बराच काथ्याकूट झालाय. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि ६० नंबरला येते २९ फेब्रुवारी १९००, जी तारीख कधी उगवलीच नाही, कारण शंभराने भाग जाणारं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप असतं. ही चूक १९८३ च्या लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधून आलेली, आणि त्या फाइल्स जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती मुद्दाम ठेवली, इथपर्यंत दुमत नाही. लोटसवाल्यांकडून ती नजरचुकीने झाली की त्यांनी जाणूनबुजून केली, यावर मात्र दोन मतं आहेत. एक्सेलवर काम केलेल्या लोकांच्या आठवणींतही दोन्ही शक्यता येतात. लोटसच्या तारखा २०९९ पर्यंतच जायच्या, आणि १९०० ते २०९९ मध्ये 'चारने भाग गेला की लीप' हा सोपा नियम फक्त १९०० लाच चुकतो (२००० खरोखर लीप होतं), तेव्हा मेमरीची मारामार असलेल्या काळात हा शॉर्टकट ठरवून घेतला असावा हे मत जास्त पटण्यासारखं आहे. मॅकिंटॉशवरच्या एक्सेलने (१९८५) मोजणी १९०४ पासून धरून हा घोळच टाळला, पण त्यामुळे जुन्या मॅक फाइलमधून नंबर उचलला की १४६२ दिवसांचा फरक पडतो. गूगल शीट्स आणि कॅल्कमध्ये शून्य येतो ३० डिसेंबर १८९९ ला, म्हणजे १ मार्च १९०० पासून पुढचे सगळे नंबर एक्सेलशी जुळतात. त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत एक्सेलचा वारही एकाने चुकतो, १ जानेवारी १९०० ला सोमवार होता, वीकडे फंक्शन रविवार सांगतं.

याचा रोजच्या कामाशी काय संबंध असं वाटेल, तर रिकामा सेल बघा. रिकाम्याची किंमत शून्य धरली जाते, म्हणून =मंथ(ए२) एक्सेलमध्ये १ देतं आणि गूगल शीट्समध्ये १२. महिनावार बेरजेत कुठे जानेवारी फुगतो कुठे डिसेंबर, आणि फॉर्म्युला तर बरोबर दिसतो! दुसरा नेहमीचा झटका म्हणजे =ईयर(ए२) टाकल्यावर १६ जुलै १९०५ दिसणं. उत्तर २०२४ बरोबरच असतं, सेलचा फॉरमॅट तारखेचा राहिलेला असतो, तो जनरल (साध्या नंबरचा) केला की मिटलं.

सगळ्यात जास्त त्रास बाहेरून आणलेल्या डेटाचा. दिवस आधी लिहिलेल्या तारखा महिना आधी वाचणाऱ्या सेटिंगच्या मशीनवर उघडल्या की १२ पर्यंतचे दिवस गुपचूप महिना बनतात आणि १३ पासूनचे मजकूर म्हणून डावीकडे चिकटतात. म्हणजे अर्धा कॉलम चुकीचा आणि अर्धा नुसता टेक्स्ट, आणि लोक फक्त टेक्स्टवाला भाग दुरुस्त करून मोकळे होतात. नंबर झालाय का ते इझनंबर ने तपासायचं. झाला असेल तर =डेट(ईयर(ए२),डे(ए२),मंथ(ए२)) ने उलटापालट, नसेल तर =डेट(राइट(ए२,४),मिड(ए२,४,२),लेफ्ट(ए२,२)), अर्थात दिवस-महिना दोन आकडी आणि वर्ष चार आकडी असतील तरच. दोन्ही एका इफ मध्ये बसतात. त्यापेक्षा इंपोर्ट करतानाच कॉलमचा क्रम सांगणं केव्हाही बरं.

महिन्याची किंवा वाराची नावं हवी असतील तर टेक्स्ट फंक्शन, पण त्यातून निघालेलं "२०२४" हे अक्षरांचं असतं, २०२४ या नंबरशी तुलना केली तर जुळत नाही. वीकडे मध्ये दुसरा आकडा दिला नाही तर रविवार १, दोन दिला तर सोमवार १. आठवड्याच्या नंबरचे दोन पंथ आहेत, वीकनम दुसरा आकडा दिला नाही तर १ जानेवारीला पहिला आठवडा धरतं, आणि आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात तो पहिला. म्हणून १ जानेवारी २०२१ हा आयएसओवीकनम मध्ये ५३ वा आठवडा येतो, तोही २०२० चा, आणि शेजारी ईयर लावलं की २०२१-५३ असा भलताच जोड तयार होतो. तिथे वर्षासाठी =ईयर(ए२+४-वीकडे(ए२,२)) लिहावं लागतं. तिमाही =राउंडअप(मंथ(ए२)/३,०), आणि आर्थिक वर्ष जानेवारीला सुरू होत नसेल तर आधी एडेट ने तारीख तेवढे महिने मागे सरकवायची. महिन्याचे एकूण दिवस =डे(ईओमंथ(ए२,०)).