सतराव्या वर्षी होणारी पारख : कॉलेज फुटबॉलचे चाहते आणि हायस्कूलचा रनिंग बॅक

अमेरिकेत एखाद्या हायस्कूलच्या रनिंग बॅकने आपण कुठल्या विद्यापीठाकडून खेळणार हे जाहीर केलं, की त्या विद्यापीठाचे चाहते त्याच दिवशी त्याच्या धावांचे व्हिडिओ काढून बसतात. पहिली दोन पावलं किती झपाट्याने पडतात, अंगावर आलेल्याला चुकवतो की धडक देऊन पाडतो, मोकळं मैदान मिळाल्यावर मागचे त्याला गाठतात का, समोरचा संघ कितपत तगडा होता, यावर तासन् तास खल होतो. मुलगा सतरा वर्षांचा असतो आणि त्याने कॉलेजचा एकही सामना खेळलेला नसतो. या पारखीला किमान सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवते: प्रत्येक पिढीच्या चाहत्याला मुलाचा तेवढाच भाग दिसला, जेवढा त्या काळच्या साधनांनी दाखवला. रनिंग बॅकच्या बाबतीत नेमका महत्त्वाचा भाग बहुतेक वेळा त्या साधनांबाहेर राहिला.

आधी थोडं या अमेरिकन फुटबॉलविषयी. चेंडू काखेत धरून प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत घुसायचं, हे रनिंग बॅकचं मुख्य काम. संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, म्हणून त्याचा हिशेब यार्डांत आणि टचडाउनमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्या टोकाची रेषा किती वेळा ओलांडली यात, होतो. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय प्रवेश नाही, त्यामुळे कॉलेज हाच रस्ता. शाळेतून कॉलेजात जाताना मात्र लिलाव नसतो, आणि संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याचा एनएफएलसारखा ड्राफ्टही नसतो. कुठे जायचं हे मुलगाच ठरवतो आणि विद्यापीठं त्याची मनधरणी करतात. या मनधरणीला रिक्रूटिंग म्हणतात. चाहत्यांची सगळी तगमग इथून सुरू होते, कारण निवड त्यांच्याही हातात नसते आणि कोचच्याही.

सुरुवातीच्या काळात चाहत्याकडे फक्त वर्तमानपत्रातले आकडे होते. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आज भारतीय, त्यात मराठी, कुटुंबांची मोठी वस्ती आहे. १९५० च्या सुमारास ते साखर कारखान्याच्या भोवती वसलेलं छोटं गाव होतं. तिथल्या केन हॉलने १९५० ते १९५३ या चार वर्षांत ११,२३२ यार्ड काढले, त्यातले ४,०४५ एकट्या शेवटच्या वर्षी. हा राष्ट्रीय विक्रम पुढे ५९ वर्षं टिकला. हॉल टेक्सस ए अँड एममध्ये गेला, तिथे बेअर ब्रायंट नवे कोच म्हणून आले होते, आणि त्या संघात त्याची जागा काही केल्या बसली नाही. तो संघ सोडून गेला. ज्याच्याइतके यार्ड देशात कुणीच काढले नव्हते, तो मुलगा कॉलेजमध्ये जवळजवळ दिसलाच नाही. शाळेतले आकडे कॉलेजचा भरवसा देत नाहीत, हा धडा इतका जुना आहे.

त्या आकड्यांत आणखी एक मोठी पोकळी होती, आणि ती विसरून हा इतिहास सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, स्पर्धाही वेगळ्या होत्या. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांचे संघ साठचं दशक बरंच उलटेपर्यंत गोऱ्यांचेच होते. टेक्सस भागातल्या विद्यापीठांच्या साउथवेस्ट कॉन्फरन्स या गटात स्कॉलरशिप मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जेरी लीव्हायस १९६६ साली साउदर्न मेथडिस्टकडून मैदानात उतरला. तोवर गावातला सर्वात चपळ मुलगा शेजारच्या शाळेत धावत होता, पण विद्यापीठाच्या चाहत्याच्या लेखी तो नव्हताच. सप्टेंबर १९७० मध्ये बर्मिंगहॅमला सदर्न कॅलिफोर्नियाच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने अलाबामाविरुद्ध १३५ यार्ड काढले आणि यजमान संघ ४२-२१ असा हरला. अलाबामाने विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला आधीच घेतलं होतं, त्यामुळे त्या एका सामन्याने भिंत पडली असं म्हणता येणार नाही. पण स्टँडमध्ये बसलेल्या हजारो लोकांना आपण आजवर काय पाहायचं नाकारलं ते त्या रात्री दिसलं. तरीही मिसिसिपीतल्या कोलंबियाचा वॉल्टर पेटन १९७१ साली जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातच गेला. पुढे एनएफएलमध्ये १६,७२६ यार्ड काढून त्याने त्या काळचा विक्रम केला.

भिंती पडल्यावर दक्षिणेतले चाहते आपल्याच राज्यातल्या या मुलांकडे पाहू लागले. टायलरचा अर्ल कॅम्पबेल टेक्सस विद्यापीठात गेला आणि कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी १९७७ साली घेऊन आला. त्याच दशकात प्रत्येक संघाच्या स्कॉलरशिपच्या संख्येवर मर्यादा आली: १९७३ साली १०५, १९७८ साली ९५, आणि पुढे १९९४ पर्यंत ८५. पूर्वी मोठी विद्यापीठं मुलं हवी तितकी गोळा करून ठेवत. आता एक जागा चुकीच्या मुलावर गेली तर ती गेलीच. कोचइतकाच चाहताही या जागा मोजायला लागला तो तेव्हापासून.

१९८० च्या वसंतातला जॉर्जिया या वेडाचा खरा आरंभबिंदू आहे, असं मला वाटतं. राइट्सव्हिल या लहानशा गावातल्या हर्शेल वॉकरने शाळेच्या शेवटच्या वर्षात ३,१६७ यार्ड आणि ४५ टचडाउन केले होते. मुलांनी विद्यापीठांच्या कागदावर सह्या करायचा ठरलेला दिवस फेब्रुवारीत होऊन गेला तरी त्याचा निर्णय होईना. जॉर्जियाचे सहायक कोच माइक केव्हन जवळजवळ त्या गावातच मुक्कामाला होते. अखेर ६ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, हर्शेलने जॉर्जियाच्या कागदावर सही केली. त्याच आठवड्यात राइट्सव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निदर्शनं चालू होती, हिंसाचार झाला होता आणि या अठरा वर्षांच्या मुलाने कुठली बाजू घ्यावी यावरून दोन्हीकडून दबाव होता. बाहेरच्या चाहत्यांना मात्र एकच प्रश्न पडला होता: इतक्या छोट्या शाळांविरुद्ध काढलेले यार्ड खरे किती?

या प्रश्नाची धार मराठी क्रिकेटवेड्यांना समजावून सांगायला नको. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा आपणही समोरची गोलंदाजी किती कसलेली होती हेच विचारत होतो. विक्रम खराच असतो. तो कुणाविरुद्ध झाला हा प्रश्नही खरा असतो, आणि त्याचं उत्तर पुढच्या पायरीवर गेल्याशिवाय मिळत नाही. हर्शेलने ते पहिल्याच सामन्यात दिलं. टेनेसीविरुद्ध दोन टचडाउन करून त्याने संघाला १६-१५ असा विजय मिळवून दिला, त्या मोसमात १,६१६ यार्ड काढले आणि जॉर्जिया राष्ट्रीय विजेता ठरला. १९८२ ची हाइसमनही त्याचीच.

त्यानंतर प्रत्येक राज्याला आपला हर्शेल हवा होता. दोन वर्षांनी तो मिसिसिपीतल्या फिलाडेल्फियात सापडला असं सगळ्यांना वाटलं. मार्कस डुप्री हा १९६४ च्या मे महिन्यात जन्मलेला. पुढच्याच महिन्यात त्याच गावाजवळ नागरी हक्क चळवळीतल्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला होता. त्याच गावातले गोरे आणि कृष्णवर्णीय सतरा-अठरा वर्षांनी एका कृष्णवर्णीय मुलाच्या धावा पाहायला एकत्र बसले. त्याने शाळेत ८७ टचडाउन केले, हर्शेलपेक्षा एक जास्त. देशभरातले कोच त्याच्या दारात उभे राहिले. तो ओक्लाहोमात गेला, पहिल्याच वर्षी ९०५ यार्ड काढले आणि १ जानेवारी १९८३ च्या फिएस्टा बोल या मोसमाअखेरच्या खास सामन्यात आणखी २३९. पण कोच बॅरी स्विट्झर त्याच्या वजनावर आणि तयारीवर उघड बोलले, दोघांचं बिनसलं, आणि १९८३ च्या मोसमाच्या मध्येच तो निघून गेला. १९८५ मध्ये गुडघा गेला. डुप्रीला पाहणाऱ्यांची पारख चुकली होती असं मला वाटत नाही. त्याची गुणवत्ता त्यांनी बरोबर ओळखली. एवढ्या अपेक्षांखाली अठरा वर्षांच्या मुलाचं काय होईल, हे मात्र कुणी पाहिलंच नाही.

याच सुमारास पारख हा व्यवसाय झाला. डेट्रॉइटजवळ फोर्ड कंपनीत नोकरी करणारे जो टेरानोव्हा छंद म्हणून याद्या काढत. शिकागोचे टॉम लेमिंग गाडीने देशभर फिरून मुलांना भेटायला लागले. १९८५ साली अॅलन वॉलेस यांनी सुपरप्रेप हे नियतकालिक सुरू केलं. पत्रकं टपालाने येत, आणि ज्यांना तोवर धीर धरवत नसे ते मिनिटाला पैसे मोजून फोनवर बातम्या ऐकत. मुलाला प्रत्यक्ष न पाहताच त्याच्याविषयी ठाम मत बाळगणारा चाहता या पत्रकांनी घडवला.

ही मतं किती चुकू शकतात याची दोन उदाहरणं त्याच दशकातली आहेत. फ्लोरिडात पेन्साकोलाच्या एमिट स्मिथने शाळेत ८,८०४ यार्ड आणि १०६ टचडाउन केले होते. त्याला वेग नाही, कडेने वळसा घालून निघणं त्याला जमणार नाही, असं मॅक्स एमफिंगर या नावाजलेल्या जाणकाराने लिहिलं. स्मिथ ४० यार्डांच्या शर्यतीत चमकणारा नव्हताच. पण पुढच्या सहकाऱ्याने भिंत फोडेपर्यंत अर्धा क्षण थांबायचं आणि मग फटीतून निसटायचं, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. १९८७ साली फ्लोरिडाकडून सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात त्याने अलाबामाविरुद्ध २२४ यार्ड काढले. एनएफएलचा १८,३५५ यार्डांचा सर्वकालीन विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. दुसरा बॅरी सँडर्स. कॅन्सासमधल्या विचिटाच्या शाळेत त्याला रनिंग बॅकची जागाच शेवटच्या वर्षी मिळाली, उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, त्यामुळे बोलावणारी विद्यापीठंही मोजकीच. ओक्लाहोमा स्टेटमध्ये तो दोन वर्षं तिथला मुख्य रनिंग बॅक थर्मन थॉमस याच्या मागे थांबला आणि १९८८ मध्ये ११ सामन्यांत २,६२८ यार्ड काढले. बोल सामना तेव्हा या आकड्यात धरत नसत.

नव्वदच्या दशकाअखेर रायव्हल्स हे पारखीचं संकेतस्थळ आलं, पाठोपाठ स्काउट, २०१० मध्ये २४७ स्पोर्ट्स. मुलांना दोन ते पाच तारे मिळू लागले. यादी रोज बदलू लागली आणि फेब्रुवारीतला सह्यांचा बुधवार हा चाहत्यांचा सण झाला. २०१७ पासून डिसेंबरमध्येही सह्या होतात, त्यामुळे फेब्रुवारीची रंगत ओसरली. पण माझ्या मते ताऱ्यांपेक्षा मोठा बदल व्हिडिओने केला. नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये २००६ साली सुरू झालेल्या हडल या व्हिडिओ सेवेमुळे शाळांचे सामने साठवले जाऊ लागले, आणि मुलांच्या निवडक धावा कुणालाही पाहता यायला लागल्या. चाहत्याला पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पारख करता आली. त्या निवडक धावांत चार मिनिटं फक्त यश असतं. दोन यार्डांवर थांबवलेली धाव, निसटलेला चेंडू, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवताना चुकलेलं पाऊल त्यात नसतं. ज्याला खरंच पारखायचं आहे त्याने पूर्ण सामना पाहावा, तोही शाळेचा सर्वात तगड्या संघाविरुद्धचा. सोळाव्या वर्षी अंगाने पूर्ण वाढलेला मुलगा पोरसवदा बचावपटूंना सहज लोळवतो, आणि दोन वर्षांनी बाकीचे वाढले की ती आघाडी संपते. व्हिडिओत ताकद आणि आधी झालेली वाढ यांतला फरक कळत नाही.

ताऱ्यांचा अंदाज बरोबरही ठरतो. पॅलेस्टीन या टेक्ससच्या गावातला एड्रियन पीटरसन २००४ च्या यादीत अग्रस्थानी होता. ओक्लाहोमात पहिल्याच वर्षी त्याने १,९२५ यार्ड काढले आणि हाइसमनच्या मतदानात दुसरा आला. पाच वर्षांनी तसाच अग्रस्थानी असलेला ब्राइस ब्राउन टेनेसीत आणि मग कॅन्सास स्टेटमध्ये त्या अपेक्षांच्या जवळ पोचला नाही. फ्लोरिडात युलीच्या डेरिक हेन्रीने २०१२ मध्ये १२,१२४ यार्डांवर जाऊन केन हॉलचा विक्रम मोडला, तरी सहा फूट तीन इंच उंचीचा मुलगा रनिंग बॅक म्हणून टिकणार नाही, त्याला बचावातच खेळवावं लागेल, असं म्हणणारे खूप होते. अलाबामाने त्याला रनिंग बॅकच ठेवलं आणि २०१५ ची हाइसमन त्याला मिळाली.

आणखी एक गोष्ट चाहत्यांच्या चर्चेत सहसा येत नाही. पाच तारे देताना हा मुलगा पुढे एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत जाईल का, हा विचार असतो. आणि एनएफएलने रनिंग बॅकची किंमत कमी केली. २०१३ आणि २०१४ या लागोपाठच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. त्याचा ताण शाळेतल्या मुलाच्या ताऱ्यांवर पडतो. कॉलेजच्या चाहत्याला तीन-चार वर्षं सामने जिंकून देणारा मुलगा हवा असतो, पण त्याच्या हातातली यादी दुसऱ्याच बाजाराचा विचार करून केलेली असते. तीन ताऱ्यांचा मुलगा आला म्हणून नाराज होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

गेल्या काही वर्षांत पारखीचा विषयच बदलला. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदीचं ट्रान्सफर पोर्टल आलं, २०२१ पासून एकदा संघ बदलून लगेच खेळता येऊ लागलं, त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात. मुलांच्या कष्टाचा मोबदला मुलांना मिळतो याचा मला आनंद आहे. मुलं ज्यावर सही करून विद्यापीठाशी बांधली जात, ते १९६४ पासून चाललेलं राष्ट्रीय संमतिपत्रही २०२४ मध्ये बंद झालं. आता चाहता विचारतो, हा चांगला निघेल का, आणि निघाला तर राहील का?

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोच्या लोन स्टार हायस्कूलचा अॅश्टन जेंटी तीन ताऱ्यांचा होता. तो आयडाहोमधल्या बॉयसी स्टेटमध्ये गेला, नाव झाल्यावरही तिथेच राहिला, आणि २०२४ मध्ये १४ सामन्यांत २,६०१ यार्ड काढले. सँडर्सच्या विक्रमाला २७ यार्ड कमी पडले. हाइसमनमध्ये तो दुसरा आला, आणि एप्रिल २०२५ मध्ये लास व्हेगास रेडर्सने त्याला ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलं.