मासळीचे खत

ताजी, सुकवलेली वा कुजवलेली मासळी, तसेच मासळी साफ करताना उरणारी डोकी, आतडी, काटे व खवले यांपासून पिकांना दिले जाणारे सेंद्रिय खत. किनारपट्टीच्या प्रदेशांत या खताची परंपरा जुनी आहे. जपानमध्ये एदो काळात (१६०३–१८६८) सुकवलेल्या तारल्या (सार्डिन मासे) कापसाच्या शेतांसाठी विकत घेतल्या जात, तर उत्तर अमेरिकेत १६२१ साली स्क्वांटो या मूळ रहिवाशाने प्लिमथच्या इंग्रज वसाहतवाल्यांना मक्याच्या दाण्यांसोबत मासे पुरण्याची रीत शिकवली. भारतात कोकण, गोवा, कर्नाटक व केरळ या किनाऱ्यांवर हे खत मुख्यतः माडांना दिले जात आले आहे. रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला) एका वेळी खाऊन, विकून वा सुकवूनही संपणार नाही इतकी तारली लागली, की उरलेली मासळी बागायतीत जाई.

सुक्या मासळीच्या खतात साधारणपणे ४ ते १० टक्के नत्र (नायट्रोजन) आणि ३ ते ९ टक्के स्फुरद (फॉस्फरस) असते. पालाश (पोटॅश) मात्र बहुधा दीड टक्क्याच्या आतच राहते. मांसातील प्रथिने जिवाणूंमुळे लवकर विघटित होऊन त्यांतील नत्र आधी अमोनिया व पुढे नायट्रेटच्या रूपाने मुळांना मिळते. काट्यांतील कॅल्शियम फॉस्फेट सावकाश विरघळते, परंतु कोकणातील जांभ्या दगडाची जमीन आम्लधर्मी असल्यामुळे तेथे या विरघळण्याला मदतच होते.

माडाची गरज पाहिली, तर या खताची उणीव स्पष्ट दिसते. फळत्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि तब्बल १,२०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे, म्हणजे मासळीत जे सर्वांत कमी तेच माडाला सर्वांत जास्त लागते. म्हणून मासळीसोबत आळ्यात चुलीची राख व मीठ टाकण्याच्या जुन्या रीतीकडे अडाणी समजूत म्हणून पाहणे चुकीचे आहे : राखेतून पालाश मिळते, मिठातील क्लोराइड माडाला आवश्यक असते आणि सोडियम काही प्रमाणात पालाशची उणीव भरून काढते. राख आणि मासळी एकत्र कालवू मात्र नयेत, कारण राखेच्या अल्कधर्मामुळे अमोनिया हवेत उडून जातो. त्यांच्यामध्ये काही दिवसांचे अंतर ठेवावे.

खत घालण्यास पावसाळा ओसरल्यानंतरचा काळ चांगला, कारण भर पावसात नायट्रेट वाहून जाते. माडाच्या बुंध्याला न चिकटवता, सुमारे दीड ते पावणेदोन मीटर त्रिज्येच्या आळ्यात मासळी पसरून वर पालापाचोळा व मातीचा जाड थर देतात. थर पातळ राहिला तर माश्या होतात आणि कुत्री, कोल्हे, मुंगूस आळे उकरून टाकतात.

परसबागेत याच पद्धतीचे छोटे रूप घरोघर दिसते. मासळी धुतलेले पाणी मिरची, कढीपत्ता वा मोगऱ्याच्या मुळाशी ओततात आणि डोकी-काटे केळीच्या वा लिंबाच्या कडेला फूटभर खोल पुरतात. कोळंबीच्या सालांत कायटिन हा कवच टणक करणारा पदार्थ असतो. तो कुजवणारे सूक्ष्मजीव जमिनीत वाढले, की मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींनाही (धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींनाही) काहीसा आळा बसतो. खारवलेली मासळी मात्र माडाखेरीज इतर झाडांना न धुता घालू नये. कुंडीत कच्ची मासळी पुरणेही टाळावे, कारण तेवढ्याशा मातीत निघणारा अमोनिया कोवळी मुळे जाळतो.

कुंड्यांसाठी द्रवरूप खत अधिक सोयीचे. मासळीचे तुकडे व तेवढ्याच वजनाचा गूळ बरणीत थरावर थर देऊन, तोंड कापडाने बांधून महिनाभर सावलीत ठेवतात. गुळामुळे कुजण्याऐवजी आंबण्याची क्रिया होते व उग्र वास बराच कमी होतो. गाळलेला पातळ रस लिटरभर पाण्यात २ ते ५ मिलिलिटर या प्रमाणात मिसळून फवारतात. केरळ व तमिळनाडूतील सेंद्रिय शेतकरी हे द्रावण भाजीपाल्यावर नियमित वापरतात. तारलीला आज खाण्यासाठी आणि मत्स्यखाद्याच्या कारखान्यांकडून मागणी असल्याने अख्खी मासळी जमिनीत घालणे परवडत नाही, व ते इष्टही नाही. मासळी बाजारात रोज फेकून दिली जाणारी डोकी आणि आतडी हाच या खताचा योग्य कच्चा माल आहे.