रेड नॉट आणि नालखेकड्यांची अंडी

रेड नॉट हा साळुंकीएवढा किनारपक्षी आहे. विणीच्या दिवसांत त्याची छाती विटकरी होते, एरवी तो राखाडी असतो. त्याची ‘रूफा’ ही उपजात कॅनडाच्या ध्रुवीय भागात वीण करते आणि तिच्यातले अनेक पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, टिएरा डेल फ्युगोच्या किनाऱ्यावर जातात. हा एका बाजूचा प्रवास सुमारे १५,००० किलोमीटरांचा आहे. १९९५ मध्ये अर्जेंटिनात पायात खूण घातलेला, ‘बी ९५’ या नावाने ओळखला जाणारा एक पक्षी २०१४ पर्यंत दिसत होता. तेवढ्या काळात तो चंद्रापर्यंतचे अंतर कापून निम्म्या वाटेने परत येण्याइतका उडाला असावा, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

एवढ्या लांबच्या प्रवासात त्याचे भवितव्य मुख्यतः एकाच मुक्कामावर ठरते. अमेरिकेतील न्यू जर्सी आणि डेलावेअर या राज्यांच्या मध्ये असलेल्या डेलावेअर उपसागरात हे पक्षी मे महिन्यात उतरतात. त्यातले काही हजारो किलोमीटर सलग उडून आलेले असतात; एका पक्ष्याने सहा दिवस न थांबता ८,००० किलोमीटर कापल्याची नोंद आहे. अशा उड्डाणाआधी ओझे कमी व्हावे म्हणून त्यांचे जठर आणि आतडी आकसतात. त्यामुळे एरवी अख्खे गिळून पोटात भरडले जाणारे शिंपले त्यांना लगेच पचत नाहीत, मऊ आणि स्निग्ध अन्न लागते.

हे अन्न म्हणजे नालखेकड्याची अंडी. नालखेकडा हा खरा खेकडा नसून कोळी आणि विंचवांचा नातलग आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, बहुधा रात्री, माद्या पुळणीवर येतात आणि वाळूत खोलवर, एका खेपेला सुमारे चार हजार, हिरवट अंडी पुरतात. तेवढ्या खोलवर नॉटची चोच पोहोचत नाही. एका मादीने पुरलेली अंडी दुसरीने त्याच जागी उकरली आणि लाटांनी ती वर आणली, तरच ती पक्ष्याच्या वाट्याला येतात. म्हणून नॉटसाठी नालखेकडे पुरेसे असून भागत नाही, ते अतोनात असावे लागतात. या प्रश्नाचे मर्म मला इथेच दिसते. अंडी मुबलक असली, तर सुमारे दोन आठवड्यांत पक्ष्याचे वजन जवळपास दुप्पट होते. ही चरबी नसेल, तर बर्फ न वितळलेल्या ध्रुवीय भूमीवर पोहोचून तग धरणे आणि वीण करणे कठीण होते.

१९९० च्या दशकात ईल मासे आणि मोठे शंख पकडण्यासाठी आमिष म्हणून लाखो नालखेकडे उपसले गेले. १९८० च्या दशकात या उपसागरात ९०,००० हून अधिक नॉट मोजले गेले होते. २०२१ मध्ये ते ७,००० देखील भरले नाहीत. न्यू जर्सीने २००८ मध्ये नालखेकड्यांच्या पकडीवर बंदी घातली आणि २०१४ मध्ये अमेरिकेने रूफाला कायद्याने संकटग्रस्त ठरवले. मात्र नालखेकडा वयात यायला नऊ-दहा वर्षे लागतात, त्यामुळे कोणत्याही उपायाचे फळ उशिराच दिसणार.

दुसरा ताण औषधनिर्मितीचा आहे. नालखेकड्याचे रक्त तांब्यामुळे निळे असते आणि जिवाणूंच्या विषाचा अंश लागताच गोठते. या गुणावर आधारलेल्या चाचणीने भारतासह जगभर लशी आणि इंजेक्शने तपासली जातात. त्यासाठी प्राण्यांचे रक्त काढून त्यांना समुद्रात सोडले जाते, पण त्यातले बरेच नंतर दगावतात. हेच काम करणारे प्रथिन प्रयोगशाळेत तयार करण्याची पद्धत सिंगापूरच्या संशोधकांनी १९९० च्या दशकातच शोधली होती. अमेरिकेच्या औषध-मानक संस्थेने अशा पर्यायांना २०२४ मध्ये मान्यता दिली. पक्ष्यासाठी इतकी वर्षे फार मोठी होती. आता तरी औषध कंपन्यांनी हा पर्याय विनाविलंब स्वीकारायला हवा.