रस्ता ओलांडायला साडेसात सेकंद जास्त

अठरा मीटर रुंदीचा रस्ता घ्या. पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा, याचं गणित जगात अनेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर या चालीवर बेतलेलं असतं. त्या हिशेबानं हा रस्ता १५ सेकंदांत पार व्हायला हवा. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांची चाल मोजली, तेव्हा पुरुषांची सरासरी सेकंदाला ०.९ मीटर भरली आणि बायकांची ०.८ मीटर. या चालीनं निघालेली आजी १५ सेकंदांत १२ मीटरच जाते. दिवा लाल होतो तेव्हा तिच्यापुढे अजून ६ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन लेन बाकी असतात. तिला साडेसात सेकंद जास्त हवे होते. दिवा हिरवा झालेला दिसणं, पाय उचलणं, फुटपाथची कड उतरणं यात जाणारा वेळ तर यात धरलेलाच नाही.

ही आजी आजारी नाही. घरातलं सगळं ती स्वतः करते. पण दोन-तीनदा असा प्रसंग आला की ती रस्त्यापलीकडच्या मंडईत जाणं सोडून देते. मग देवळात जाणं सुटतं, मैत्रिणीकडे जाणं सुटतं. चालणं कमी झालं की पायांतली ताकद आणखी घटते आणि चाल आणखी मंदावते. घरातले म्हणतात, ‘आता वय झालं.’ वय झालं हे खरंच आहे, पण त्या आजीला घरात बसवलं ते सिग्नलच्या पेटीत भरलेल्या एका आकड्यानं, आणि तो आकडा बदलता येतो. ज्येष्ठांसाठी अनुकूल शहर म्हणतात त्याची सुरुवात मला इथूनच होताना दिसते.

वयाबरोबर शरीरात नेमकं काय बदलतं, ते आधी बघू. स्नायूंमध्ये ढोबळमानानं दोन प्रकारचे तंतू असतात: हळूहळू पण दीर्घकाळ काम करणारे आणि झटक्यात जोर लावणारे. वाढत्या वयात झटक्यात जोर लावणारे तंतू जास्त झिजतात. त्यामुळे सकाळी तासभर संथ फेरी मारणाऱ्या आजोबांनाही खुर्चीतून पटकन उठणं, उंच पायरी चढणं, मागून हॉर्न वाजल्यावर दोन पावलं झपकन टाकणं जड जातं. डोळ्यांचंही तसंच. बाहुली लहान होते, भिंग पिवळट पडतं आणि साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. करड्या फुटपाथची करडी कड संध्याकाळी दिसेनाशी होते ती यामुळे. समोरच्या गाडीच्या दिव्यानं डोळे दिपले की सावरायलाही जास्त वेळ लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांतून पुढे आली. येणारी गाडी किती लांब आहे हे वृद्ध पादचाऱ्याला बरोबर कळतं, पण ती किती वेगानं येतेय याचा अंदाज चुकतो. गाडी लांब दिसली की तो निघतो, मग ती ताशी ३० किलोमीटरनं येत असो वा ६० नं. दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर तर एकाच वेळी दोन्हीकडचा हिशेब ठेवायचा असतो. जवळची बाजू मोकळी बघून पाऊल टाकलं जातं आणि गफलत होते ती पलीकडच्या बाजूला.

सिंगापूरच्या सरकारनं रस्त्यांवर जे केलं, ते या शरीरशास्त्राशी अगदी जुळणारं आहे. २००९ पासून तिथे ‘ग्रीन मॅन प्लस’ नावाची सोय आहे. सिग्नलच्या खांबावर बटणाच्या वर कार्ड टेकवायची जागा असते. ज्येष्ठांनी आपलं बसच्या सवलतीचं कार्ड तिथे टेकवलं की हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. कार्ड टेकवलं नाही तर नेहमीइतकाच. प्रत्येक फेरीत सगळी वाहतूक अडवून धरावी लागत नाही. ‘दिवा लांबवला तर ट्रॅफिक तुंबेल’ या हरकतीला याहून चांगलं उत्तर मी पाहिलेलं नाही.

२०१४ पासून त्यांनी ‘सिल्व्हर झोन’ आखायला घेतले. ज्या वस्तीत म्हातारी माणसं जास्त आहेत आणि जिथे त्यांचे अपघात झाले आहेत, ती निवडायची. तिथली वेगमर्यादा खाली आणायची, सरळ रस्त्याला मुद्दाम हलकं वळण द्यायचं म्हणजे चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मध्यभागी रुंद दुभाजक बांधून त्यात थांबायची सुरक्षित जागा ठेवायची आणि तिथपर्यंत पातळी सपाट ठेवायची. रस्ता दोन टप्प्यांत ओलांडायचा: आधी फक्त उजवीकडे बघायचं, मध्ये थांबायचं, श्वास घ्यायचा, मग फक्त डावीकडे. वेगाचा अंदाज आणि दोन दिशांचा गोंधळ हे दोन्ही प्रश्न एका दुभाजकानं हलके केले. अशा भागांत ज्येष्ठांचे अपघात लक्षणीय घटल्याचं तिथल्या वाहतूक खात्यानं सांगितलं आहे.

याला विचारांची बैठक दिली जागतिक आरोग्य संघटनेनं. २००७ साली संघटनेनं ज्येष्ठस्नेही शहरांसाठी एक मार्गदर्शिका काढली. त्यासाठी २२ देशांतल्या ३३ शहरांत वृद्धांच्या गटांना बसवून विचारलं गेलं की तुमच्या गावात राहणं कशामुळे सोपं होतं आणि कशामुळे अवघड. भारतातून दिल्ली आणि उदयपूर त्यात होती. रस्ते-इमारती, वाहतूक, घरं, लोकांमधला सहभाग, मान, काम, माहिती आणि आरोग्यसेवा अशा आठ बाजू त्यातून मांडल्या गेल्या. २०१० मध्ये शहरांचं जागतिक जाळं सुरू झालं. त्यात पहिलं न्यूयॉर्क आलं, आपल्याकडून केरळातलं कोची आहे. पुढे २०१५ च्या अहवालात संघटनेनं एक फार उपयोगी फरक केला: माणसाच्या अंगातली क्षमता वेगळी आणि त्याला प्रत्यक्ष काय करता येतं ते वेगळं. गुडघा तोच असतो. लिफ्ट असलेल्या इमारतीत त्या गुडघ्याचा माणूस रोज खाली उतरतो, लिफ्ट नसलेल्या इमारतीत महिन्यातून एकदा, तेही दवाखान्यात जायला.

लिफ्टचंच घ्या. सिंगापूरमधले बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. जुन्या इमारतींत खर्च वाचवण्यासाठी लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची. बाकीच्यांनी एक-दोन मजले जिन्यानं चढायचं किंवा उतरायचं. लोक तरुण होते तेव्हा चालून गेलं. २००१ मध्ये सरकारनं प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलला आणि इमारतीतल्या तीन-चतुर्थांश घरांनी मतदान करून होकार दिला तरच काम सुरू केलं. २०१२ पासून घरांच्या आतही लक्ष घातलं: संडासाशेजारी धरायला दांडे, न्हाणीघराची फरशी घसरू नये म्हणून लेप, उंबऱ्यापाशी उतरण. याचा ८७.५ ते ९५ टक्के खर्च सरकार देतं. ही उधळपट्टी वाटत असेल तर एवढं लक्षात घ्यावं की जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात आणि त्यात सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचं आहे. मुंबई-पुण्यातल्या तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या शेकडो सोसायट्यांमधले मूळ सभासद आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यापुढे सध्या पर्याय एकच, पुनर्विकासाची वाट बघणं, आणि ती वाट बघण्यात कित्येकांची हयात सरते.

सगळं पैशानंच होतं असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये शाळेच्या बस मुलांना सोडून आल्यावर दुपारपर्यंत उभ्या असायच्या. महापालिकेनं त्याच बस ज्येष्ठांना किराणा आणि भाजीच्या मोठ्या दुकानांत न्यायला वापरल्या. २०११ पासून तिथे रस्त्यांवर बाकडी बसवणं सुरू झालं आणि बाकडं कुठे हवं ते नागरिकांनी कळवायचं अशी पद्धत ठेवली. बाकड्याला पाठ हवी आणि हात टेकायला कठडा हवा. कठडा नसेल तर झटक्याचा जोर गेलेल्या मांड्यांना उठता येत नाही. आपल्याकडे ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ दिलेली सिमेंटची कितीतरी बाकडी बसायला सोयीची आणि उठायला अवघड असतात.

माझ्या मनात मात्र घर केलं ते जपानच्या तोयामा शहरानं. समुद्रकाठचं, बर्फाळ, चार लाखांच्या वर वस्तीचं हे गाव ऐसपैस पसरलेलं. मोटार नसेल तर माणूस अडकलाच. म्हातारपणी गाडी चालवणं धोक्याचं आणि न चालवावी तर घरात कोंडून घेणं. मासाशी मोरी हे महापौर २००२ पासून जवळजवळ दोन दशकं पदावर होते. त्यांनी शहराची नव्यानं मांडणी करायला घेतली. कल्पना समजवायला त्यांनी तिथल्या रोजच्या खाण्यातला दाखला दिला: काडीत ओवलेले तांदळाच्या पिठाचे गोळे. ट्राम आणि रेल्वे म्हणजे काडी, थांब्याभोवतीच्या चालत फिरता येणाऱ्या वस्त्या म्हणजे गोळे. रुग्णालय, बाजार, वाचनालय हे सगळं काडीजवळ आणायचं.

तिथला एक जुना रेल्वेमार्ग प्रवासी घटत गेल्यानं मरायला टेकला होता. तो बंद करण्याऐवजी २००६ मध्ये त्याची ट्राम केली. डब्याची जमीन फलाटाच्या पातळीला, चढायला पायरीच नाही, आणि दिवसा साधारण दर पंधरा मिनिटांनी गाडी. प्रवासी दुपटीच्या आसपास गेले. ६५ वर्षांपुढच्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात शहराच्या मध्यभागी यायला-जायला तिकीट फक्त १०० येन. या वेळात गाड्या एरवी रिकाम्याच धावतात, त्यामुळे सवलतीचा भारही हलका पडतो. २०१२ पासून त्यांनी आणखी एक गोष्ट केली: आजी-आजोबा नातवंडाला घेऊन आले तर प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालयांत प्रवेश फुकट. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर पडायला सोय लागतेच, पण निमित्तही लागतं, हे ज्या कुणाला सुचलं त्यानं स्वतःच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे नीट पाहिलं असणार.

महाराष्ट्रातही निमित्त दिलं गेलं आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. लेकीकडे जाणाऱ्या, पंढरपूरला जाणाऱ्या किती आज्या त्यामुळे घराबाहेर पडल्या, ते कुठल्याही स्टँडवर तासभर उभं राहिलं की दिसतं. आणि त्याच स्टँडवर दुसरंही दिसतं. पहिली पायरी गुडघ्याच्या वर. आजी पिशवी आधी आत सरकवते, दोन्ही हातांनी दांडा धरते, एक पाय ठेवते आणि तिथेच अडते. मागून कुणीतरी कोपराला आधार देतं, आतून कंडक्टर हात पुढे करतो, ‘सावकाश, आजी, घाई नाही.’ माणसं चांगली आहेत म्हणून ती वर चढते. तिकीट माफ करणाऱ्या सरकारनं पायरीही खाली आणावी, नव्या गाड्या घेताना जमिनीची उंची ही पहिली अट असावी, असं मला फार वाटतं.

स्वच्छतागृहाबद्दल आपण मोकळेपणानं बोलत नाही, पण वृद्धांना, त्यातही बायकांना, घरी बसवणारं सगळ्यात मोठं कारण तेच असावं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला आणि ओटीपोटाचे स्नायू सैल झालेल्या बाईला तासाभरात जायला लागू शकतं. कुठे सोय आहे हे माहीत नसेल तर ते पाणी पिणंच टाळतात, आणि त्यातून चक्कर, लघवीचा संसर्ग असे त्रास मागे लागतात. जर्मनीत आलेन शहरानं एक सोपी वाट काढली. दुकानं आणि हॉटेलांनी दारावर ठरावीक चिन्ह लावायचं, काही विकत न घेताही कुणालाही स्वच्छतागृह वापरू द्यायचं, आणि त्याच्या देखभालीसाठी नगरपालिकेनं त्यांना दरमहा पैसे द्यायचे. नवं बांधकाम नको, जागेचा वाद नको. पुढे ही पद्धत जर्मनीतल्या कितीतरी गावांनी उचलली.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक ९.९ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात ते २०५० पर्यंत २०.८ टक्के, म्हणजे सुमारे ३४ कोटी ७० लाख होतील. आज चाळिशीत असलेला वाचक त्यांच्यात असेल.

आपल्याकडे एक गोष्ट आयती तयार आहे: गल्लोगल्लीचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रं. व्याख्यानं होतात, वाढदिवस होतात, सहली निघतात. त्याच सभासदांनी एका सकाळी छोटे गट करून प्रभागात फिरावं. फुटपाथ कुठे तुटतो, कडेची उंची किती, सावलीतलं बाकडं किती पावलांवर, सगळ्यात जवळचं स्वच्छतागृह उघडं आहे की कुलूपबंद, हे वहीत लिहावं, मोबाइलवर फोटो काढावेत. जागतिक आरोग्य संघटनेनं ३३ शहरांत जे केलं ते मूळात हेच होतं: वापरणाऱ्याला विचारणं. पुणे महापालिकेत नागरिकांनी आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवायची सोय बरीच वर्षं आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. फुटपाथला उतरण, पाठ आणि कठडा असलेली दोन बाकडी, स्वच्छतागृहाची दुरुस्ती ही त्यात सहज बसणारी कामं आहेत. अर्जासोबत संघाच्या पन्नास सभासदांच्या सह्या आणि फोटो असतील, तर तो बाजूला ठेवणं कुठल्याही अधिकाऱ्याला जड जाईल.