पार्श्वभूमी : युरोपच्या रेल्वेत सामान किलोवरून सेंटिमीटरवर कसे आले

फ्रान्समधल्या वेगवान गाड्यांत फेब्रुवारी २०२४ पासून सामानाला मापे लागली. एका प्रवाशाला ७० × ९० × ५० सेंटिमीटरच्या आतल्या दोन बॅगा आणि ४० × ३० × १५ ची एक हातातली पिशवी नेता येते, आणि प्रत्येक नगावर नाव-आडनावाची चिठ्ठी लागते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून जास्तीच्या सामानाला ५० युरो दंड सुरू झाला. बॅगेने वाट अडवली तर १५०. रेल्वे आता विमान कंपन्यांच्या वाटेने निघाली, अशी ओरड झाली. ती अर्धीच खरी आहे. आपली मोठी, २८ इंची सूटकेसही उभी धरली तर पाऊण मीटरच्या आसपास भरते, म्हणजे या मापात आरामात बसते. भांडण मापाचे नाहीच. ते ‘हातसामान’ या शब्दाचे आहे, आणि तो शब्द विमानापेक्षा जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात सामान दोन प्रकारचे होते. मोठ्या पेट्या स्टेशनावर वजन करून, क्रमांकाची चिठ्ठी डकवून, पावती घेऊन सामानाच्या डब्यात जायच्या. फ्रान्समध्ये तिकिटामागे ३० किलो फुकट होते, वर किलोप्रमाणे पैसे. लगेज बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकणे आपल्याकडे अजून चालते, त्यामुळे ही पद्धत समजावत बसायला नको. उरलेले, म्हणजे प्रवासी स्वतःजवळ ठेवतो ते, हातसामान.

आता गुंता. ‘हात’ म्हणजे किती? जर्मन रेल्वेनियमांनी याचे उत्तर किलोत दिले नाही आणि सेंटिमीटरमध्येही दिले नाही. सहज उचलता येईल आणि आपल्या सीटच्या वर किंवा खाली मावेल, ते हातसामान. त्याखेरीज आणखी एक वर्ग ठेवला : ‘ट्रागलास्ट’, म्हणजे हातसामान नसलेले, पण एका माणसाला उचलून नेता येईल असे ओझे. बाजाराच्या टोपल्या, कारागिराची हत्यारे, गाठोडी यांच्यासाठी चौथ्या वर्गात मोकळी जागा असे. चौथा वर्ग १९२८ मध्ये बंद झाला. शब्द मात्र नियमांत राहिला, आणि प्रत्येक प्रवाशाला हातसामानासोबत एक ट्रागलास्ट, ही सवलतही राहिली. आजची चाकांची मोठी सूटकेस डोक्यावरच्या फळीवर मावत नाही आणि सीटखाली सरकत नाही. तर्काने पाहिले तर ती हातसामान नव्हे, ट्रागलास्टच. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या टोपलीची वारसदार.

हा काथ्याकूट पोकळ नाही, कारण त्यावर भरपाई ठरते. प्रवासी आणि सामान यांच्यासाठी युरोपातल्या रेल्वेंचा वेगळा आंतरराष्ट्रीय करार १९२४ मध्ये झाला. त्याच्या आजच्या रूपातही जुनी फाळणी कायम आहे. नोंदवलेला नग ताब्यात घेतल्यापासून परत देईपर्यंत रेल्वेच्या जबाबदारीवर असतो. तो हरवला आणि नुकसान सिद्ध झाले, तर किलोमागे ८० किंवा नगामागे १,२०० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक) इतकी कमाल भरपाई मिळते. जवळ ठेवलेल्या सामानावर नजर ठेवणे मात्र प्रवाशाचे काम. अपघातात माणूस जखमी झाला तर गोष्ट वेगळी. एरवी रेल्वेची चूक दाखवता आली तरच काही हाती लागते. डब्याच्या टोकाच्या रॅकमधून, सीटपासून दहा मीटरवरून, कोणी बॅग उचलून उतरला तर ती कायद्याने ‘आपल्या नजरेखाली’च होती.

मग सगळे सामान नजरेखाली आले कसे? सामानाचा डबा निघून गेला म्हणून. तो एका दिवसात गेला नाही. पॅरिस-ल्याँ वेगवान सेवा १९८१ मध्ये सुरू झाली तेव्हापासून एकसंध गाड्यांचे दिवस आले. मधला डबा काढा-जोडायचा प्रश्न उरला नाही आणि मधल्या स्टेशनांवरचा थांबा दोन-तीन मिनिटांवर आला. तेवढ्यात पेट्या चढवायला-उतरवायला वेळ कुठला? त्याच सुमारास वातानुकूलित डब्यांच्या खिडक्या कायमच्या बंद झाल्या. त्याआधी हमाल फलाटावरून खाली सरकवलेल्या काचेतून बॅगा आत देत असे आणि आतला माणूस त्या थेट आपल्या सीटवरच्या जाळीवर टाकत असे. आता प्रत्येक नग एकाच अरुंद दारातून, पायऱ्या चढून. युरोपात फलाटाची प्रमाण उंची ५५ किंवा ७६ सेंटिमीटर आहे आणि बऱ्याच गाड्यांची जमीन त्याहून वर असते.

चाकांच्या सूटकेसचे अमेरिकी पेटंट १९७२ चे, आणि उभी धरून ओढायच्या बॅगेची कल्पना १९८७ ची, एका वैमानिकाची. या चाकांनी हमालाची गरज संपवली असे सगळेच सांगतात. आमच्या मते चाकांनी फक्त फलाटावरचे काम सोपे केले. पायऱ्यांवर आणि रॅकपाशी बॅग उचलावीच लागते, आणि तिथे मदतीला कोणी उरले नाही. रेल्वेंनी सामान नोंदणी गुंडाळून घरपोच कुरिअर देऊ केले, तेव्हा सोय म्हणून त्याची जाहिरात झाली; प्रत्यक्षात ओझे प्रवाशाच्या खांद्यावर आले. स्वित्झर्लंडने स्टेशन ते स्टेशन सामान पाठवण्याची सेवा टिकवली. तिचे गणित एवढेच, की बॅग आज दिली तर परवा मिळते. एका गावी दोन रात्री राहणाऱ्याला ते जमते, रोज गाव बदलणाऱ्याला नाही.

डब्याच्या आतली मांडणीही याच काळात बदलली. समोरासमोरच्या सीटा असल्या की पाठीला पाठ लागलेल्या दोन सीटांमध्ये खाली त्रिकोणी पोकळी राहते. मध्यम सूटकेस तिथे आडवी घुसते, डोळ्यांसमोर राहते, उचलावी लागत नाही. सगळ्या सीटा एका दिशेने लावल्या की माणसे जास्त बसतात आणि ती पोकळी नाहीशी होते. फ्रान्समध्ये १९९६ पासून दुमजली वेगवान गाड्या आल्या. त्यांत एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट वरच्या मजल्यावरून आहे. चुकीच्या डब्यात चढलेल्या, खालची सीट असलेल्या माणसाला बॅग जिना चढवून, गर्दीतून ओढत नेऊन पुन्हा उतरवावी लागते. दोन गाड्या जोडून सोडलेल्या असतील तर तेही शक्य नाही, कारण त्यांच्यामध्ये वाटच नसते. पुढच्या स्टेशनावर उतरून फलाटावरून धावायचे. म्हणून तिथे फलाटावरचा डब्यांचा नकाशा पाहून, आपला डबा जिथे येणार त्या अक्षराखाली आधीच उभे राहतात. गाडीची दारे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात.

गाडीबाहेर सामान ठेवायची सोय वेगळ्याच कारणाने आक्रसली. तरुणांसाठीचा महिनाभराचा युरोपभर रेल्वेपास १९७२ मध्ये निघाला आणि पाठपिशव्यांनी लॉकर भरून गेले. पण २ ऑगस्ट १९८० रोजी इटलीतल्या बोलोन्या स्टेशनाच्या प्रतीक्षागृहात ठेवलेल्या सूटकेसमधल्या स्फोटात ८५ माणसे गेली. पॅरिसमध्ये १९९५ च्या स्फोटांनंतर लॉकर बंद झाले. पुढे मोठ्या स्टेशनांत ते एक्स-रे तपासणीसह परतले. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्ब पाठपिशव्यांतूनच आले होते. फ्रान्समधल्या नावाच्या चिठ्ठीचे मूळ अशा स्फोटांच्या भीतीत आहे. बेवारस बॅग कोणाची हे कळले नाही तर स्टेशन रिकामे करावे लागते आणि तिच्यामागे अनेक गाड्या अडकतात. जर्मनीत लॉकर राहिले, पण कमाल ७२ तास. मग सामान काढून जप्त करतात. कोलोन स्टेशनात तर बॅग यंत्राच्या तोंडात द्यायची, ती जमिनीखाली जाते आणि पावती घातली की परत येते. मध्येच छत्री काढायची झाली तर पूर्ण व्यवहार संपवून नव्याने पैसे भरायचे.

स्पेनमध्ये अजून जुनी आणि नवी मोजणी शेजारी-शेजारी चालते : तीन नग, मिळून २५ किलो, आणि एकही नग ८५ × ५५ × ३५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नाही. फ्रान्सच्या स्वस्त गाड्यांत तर ५५ × ३५ × २५ ची एक बॅग आणि एक छोटी पिशवी एवढेच तिकिटात, बाकीचे पैसे देऊन. जून २०२३ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमावलीने नव्या गाड्या घेताना सायकलींसाठी साधारण किमान चार जागांचा आकडा घालून दिला. सूटकेससाठी तसा आकडा त्यात नाही.